फोटोच्या फायलीत बॅकग्राउंडचा रंग नेमका असतो कुठं? पीएनजी, जेपीजी, जीआयएफ, टिफ... सगळ्यांबद्दलच विचारतोय

सेलूकर_ग्राफिक्स

रामराम मंडळी. सेलूत माझं फ्लेक्स आन डीटीपीचं दुकान हाय. गिऱ्हाइकांनी दिलेले लोगो, फोटो, सह्या, शिक्के, देवाची चित्रं असं सगळं वर्षानुवर्षं एका हार्डडिस्कवर साठत गेलंय, हजारो फायली झाल्यात, कोण पेनड्राइव्हवर देतंय, कोण व्हॉट्सॲपवर टाकतंय, कोण मेल करतंय. आता गणपती आन १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन पाठोपाठ येतेत, तेव्हा एक लोगो शोधायला अर्धा तास जातो आन सापडला तर त्याच्या मागं पांढरा चौकोन निघतो.

मला एवढंच पाहिजे की प्रोग्रामनं सगळ्या फायली बघाव्यात आन सांगावं की हिचं बॅकग्राउंड पांढरं, हिचं रंगीत, हिला बॅकग्राउंडच नाही म्हणजे ट्रान्सपरंट. तीन फोल्डर, बस. पुतण्या इंजिनिअरिंगला हाय, त्यानं इमेजमॅजिक म्हणून चित्रांच्या फायली तपासायचा प्रोग्राम हाय, तो लावून बघितलं. त्यात बॅकग्राउंड कलर म्हणून एक ओळ येती आन तिथं सगळ्याच फायलींना व्हाइट दिसतंय. लाल पडद्यासमोर काढलेल्या फोटोलाही व्हाइट, ट्रान्सपरंट लोगोलाही व्हाइट. मग हा रंग फायलीत लिहिलेला असतो का नसतो? आन प्रत्येक फॉरमॅटचं वेगळं असतं का?

गोदाकाठचा_पोऱ्या

दादा, त्याच आउटपुटमध्ये बॅकग्राउंड कलरच्या जवळच बॉर्डर कलर अशी एक ओळ असते. तिथं २२३, २२३, २२३ (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे, प्रत्येकी ० ते २५५) दिसतंय का बघा, आणि सगळ्या फायलींना तेच आहे का तेही बघा.

सेलूकर_ग्राफिक्स

हो की! सगळीकडं २२३ च हाय. हे काय गौडबंगाल?

गोदाकाठचा_पोऱ्या

मग ती तुमच्या फायलीतली माहिती नाहीच. ती इमेजमॅजिकची स्वतःची ठरलेली सेटिंग आहे. समजा उद्या तुम्ही फोटो तिरका फिरवला आणि कोपरे मोकळे पडले, तर ते कुठल्या रंगानं भरायचे? त्याचं उत्तर म्हणून "व्हाइट" धरून ठेवलेलं असतं. फायलीत खरंच काही लिहिलेलं असेल तर ते दाखवतं, नसेल तर आपलं व्हाइट. चित्रात माणसामागं लाल पडदा आहे का निळा, ते या ओळीला माहीतच नसतं.

सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

फॉर्मवाला_गेवराई

एवढा कुटाणा कशाला करताय भौ. बॅकग्राउंड उडवायचे कितीतरी ॲप आलेत, फोटो टाकला की दोन सेकंदात माणूस कापून देतंय. सगळ्याच उडवून टाका, ट्रान्सपरंट करून ठेवा, विषय संपला.

सेलूकर_ग्राफिक्स

@फॉर्मवाला, उडवायचं नाही ना, ओळखायचंय. आन या फायलीत लोकांच्या सह्या हायत, ग्रामपंचायतीचे, संस्थांचे शिक्के हायत. ते कुठल्या तरी अनोळखी साइटवर चढवायला माझं मन धजत नाही. विश्वासानं दिलेलं असतंय लोकांनी. शिवाय हजारो फायली चढवायला नेट पाहिजे, हिकडं दुपारी लाइट गेली की सगळंच बंद.

फॉर्मवाला_गेवराई

सह्यांचं बरोबर हाय तुमचं. ते ध्यानात नव्हतं आलं.

जुनं_खोड_लातूर

आमच्या काळी कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी एवढंच होतं आणि लोगो हातानं ट्रेस करायचो. ट्रेस केलेल्याला बॅकग्राउंडचा प्रश्नच यायचा नाही, व्हेक्टर (रेघांनी बांधलेलं चित्र) ते व्हेक्टर. अजूनही माझं मत तेच आहे. जो लोगो वर्षातून चारदा लागतो तो एकदा बसून ट्रेस करावा.

सेलूकर_ग्राफिक्स

काका, पन्नास लोगो असते तर केलं असतं. हे लई झालंय.

गोदाकाठचा_पोऱ्या

हं, आता बसलोय निवांत. लांबण लागेल, जेवून वाचा.

दादा, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेत आणि टूलचा घोळ तिथूनच होतो. पहिला, फायलीत बॅकग्राउंड नावाचा रकाना आहे का. दुसरा, चित्राचा काही भाग ट्रान्सपरंट आहे का. तिसरा, माणसाला डोळ्यानं जे "मागचं" दिसतं त्याचा रंग काय. तुम्हाला दुसरा आणि तिसरा पाहिजे, टूल उत्तर देतंय पहिल्याचं.

पहिला रकाना फार थोड्या फॉरमॅटमध्ये असतो. जीआयएफमध्ये असतो, अगदी पहिल्यापासून, म्हणजे १९८७ पासून. फायलीचा बारावा बाइट बघा, तो बॅकग्राउंडचा नंबर. पण तो रंग नाही हं, रंगांच्या तक्त्यातला अनुक्रमांक आहे. तिथं ० दिसलं म्हणजे काळा असं नाही, तक्त्यातला पहिला रंग कुठला ते बघावं लागतं, आणि फायलीत मुख्य तक्ताच नसेल तर त्या नंबराला अर्थच नाही. आणि गंमत अशी की आजचे ब्राउझर हा बाइट विचारातच घेत नाहीत, ती जागा सरळ ट्रान्सपरंट धरतात. ट्रान्सपरंट रंग कोणता हे १९८९ च्या आवृत्तीपासून वेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं, प्रत्येक फ्रेमच्या आधी.

पीएनजीत बीकेजीडी नावाचा एक तुकडा असू शकतो. असू शकतो, असलाच पाहिजे असं नाही. चित्राचा डेटा सुरू व्हायच्या आधी येतो आणि त्याचा अर्थ एवढाच की "दाखवणाऱ्याकडं दुसरं काही नसेल तर मागं हा रंग लावावा". सुचवणी आहे, सक्ती नाही. हलत्या वेबपीतही असा चार बाइटचा रंग असतो, तोही सुचवणीच, आणि त्यात क्रम निळा, हिरवा, लाल, अल्फा (पिक्सेल किती अपारदर्शक तो आकडा, ० म्हणजे पूर्ण ट्रान्सपरंट) असा उलटा आहे. हे माहीत नसलं की लाल बॅकग्राउंड निळं वाचलं जातं.

जेपीजीत असा रकाना नाहीच. अल्फाही नाही. म्हणजे जेपीजी कधीच ट्रान्सपरंट नसते, कुणी कितीही म्हणू द्या. बीएमपीतही बॅकग्राउंडचा रकाना नाही. एसव्हीजी तर मजकूरच असतो, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो, सुरुवातीलाच पानाएवढा रंगीत चौकोन काढलेला असेल तर तेच बॅकग्राउंड, नसेल तर मोकळं.

म्हणून पायरी अशी धरा. आधी फायलीच्या नावावर जाऊ नका, पहिले बाइट बघा. पीएनजी १३७ नं सुरू होते आणि पुढं पी, एन, जी ही अक्षरं. जेपीजी २५५, २१६ नं. वेबपीत आरआयएफएफ आणि मग नवव्या बाइटपासून वेबपी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या, कुणी नाव बदलून ठेवलेल्या फायली तुमच्याकडं ढीगभर असतील, नाव पीएनजी आणि आत जेपीजी. मग अल्फा बघा. आणि अल्फा आहे एवढ्यावर थांबू नका, बऱ्याच पीएनजीत अल्फा असतो पण सगळीकडं २५५, म्हणजे पूर्ण अपारदर्शक. कडेच्या पट्टीतला अल्फा ० असेल तरच तिला ट्रान्सपरंट म्हणा. हे झालं की मग उरलेल्यांचा पिक्सेलवरून रंग काढायचा, चार कोपरे घ्या.

मामू_सिटीचौक

वा पोऱ्या, एक नंबर लिवलंय. पण ते चार कोपऱ्यांचं आपल्याकडं नाही चालणार भाई. मराठवाड्यातल्या फ्लेक्सच्या चारही कोपऱ्यात डोकी असतात! वर दोन्हीकडं मोठे नेते, खाली शुभेच्छुकांची रांग. कोपऱ्याचा रंग विचारला तर फेटा नाहीतर गॉगल निघेल 😄

तुळजापूरकर_७

आणि मधी भावाचा मोबाइल कानाला लावलेला फोटो 😂

सेलूकर_ग्राफिक्स

हसू नका रे, त्या डोक्यांवरच माझं दुकान चालतंय 😄 पण मामूचं खरं हाय. तयार फ्लेक्सच्या फायली वेगळ्या काढाव्याच लागतेल.

मामू_सिटीचौक

अजून एक बघून घ्या दादा. नेटवरून उतरवलेले खोटे ट्रान्सपरंट. मागं पांढरे करडे चौकोन चौकोन दिसतात, लोकांना वाटतं ट्रान्सपरंट आहे, पण ते चौकोनच चित्रात छापलेले असतात. एका लग्नपत्रिकेवर गणपतीच्या मागं मी तसे चौकोन छापलेले बघितलेत, नवरदेवाच्या घरी कुणाला काही वाटलं नाही, डिझाइन समजले. तुमचा प्रोग्राम याला काय म्हणेल, पांढरा का करडा?

गोदाकाठचा_पोऱ्या

@मामू हे भारी काढलंत. ओळखता येतं. कडेच्या पट्टीत फक्त दोनच रंग असतील, दोन्ही राखाडी घराण्यातले, आणि ठरावीक अंतरानं आलटून पालटून येत असतील, तर ते चौकोन. फोटोशॉपचे नेहमीचे चौकोन २५५ आणि २०४, गिंप म्हणून चित्रांचं दुसरं सॉफ्टवेअर आहे त्याचे जरा गडद असतात. पण जेपीजी होऊन आले असतील तर आकडे थोडे हलतात, तेव्हा बरोबर २०४ शोधू नका, आसपासचं धरा.

विद्यार्थी_नांदेड

एक शंका. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पीएनजीच्या फायली तपासल्या तर बऱ्याच फायलीत बीकेजीडी सापडला आणि २५५, २५५, २५५ लिहिलेलं होतं. मग तो वापरायला काय हरकत आहे? स्टँडर्डमध्येच आहे ना ते.

गोदाकाठचा_पोऱ्या

त्या फायली गिंपमधून आलेल्या असतील बघ. गिंपमध्ये पीएनजी एक्स्पोर्ट करताना "बॅकग्राउंड कलर सेव्ह करा" अशी खूण असते. ती असली की त्या वेळी टूलबॉक्समध्ये जो मागचा रंग निवडलेला आहे तो फायलीत जातो. बहुतेकदा पांढराच असतो कारण तो कुणी बदलत नाही. चित्रात काळं आभाळ असू दे, बीकेजीडी पांढराच. स्टँडर्डमध्ये आहे हे खरं, पण तो चित्राबद्दल बोलत नाही, चित्र कशावर ठेवावं याबद्दल बोलतो.

पैठणची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी पैठणी ऑनलाइन विकते, त्यामुळे बॅकग्राउंड या विषयावर मला रोज बोलावं लागतं. ॲमेझॉनवर मुख्य फोटोचं बॅकग्राउंड शुद्ध पांढरं लागतं, २५५, २५५, २५५. पांढरट नाही, पांढरंच. आणि फोनवर पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला फोटो तपासला तर १९८, १९६, १८७ असं काहीतरी निघतं. ट्यूबलाइटखाली हिरवट मारतो, बल्बखाली पिवळा, आणि साडीच्या एका बाजूला सावली पडलेली असते तिथं अजून गडद. डोळ्याला भिंत पांढरीच दिसते, कारण आपल्याला माहीत असतं ती पांढरी आहे.

म्हणून सेलूकर दादा, "पांढरं" म्हणजे तुम्हाला २५५ पाहिजे का माणसाला पांढरं वाटेल ते पाहिजे, हे आधी ठरवा. हे दोन वेगळे फोल्डर होतील.

आणि जेपीजीचा एक त्रास सांगते. स्टुडिओतून आलेला, मागं खरंच २५५ केलेला फोटो जेपीजी केला की साडीच्या काठाजवळ, विशेषतः जर आणि गोंड्यांच्या आजूबाजूला, पांढऱ्यात घाण दिसते. २५१, २४८, कुठं कुठं त्याच्याही खाली. मोठं करून बघितलं तर छोट्या छोट्या चौकोनात ती घाण असते. कडेला मात्र स्वच्छ २५५.

गोदाकाठचा_पोऱ्या

@पैठणची_लेक ताई, बरोबर पकडलंत. जेपीजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशोब करते. ज्या चौकोनात निव्वळ पांढरं आहे तो जवळपास जसाच्या तसा राहतो. ज्या चौकोनात जरीची कडा आणि पांढरं दोन्ही येतं तिथं कडेची थरथर पांढऱ्यात सांडते. म्हणून बॅकग्राउंड मोजताना वस्तूच्या जवळचे पिक्सेल घ्यायचेच नाहीत. आणि सरासरी तर अजिबात नको, कडेची पट्टी घेऊन तिचा मध्यक घ्या, म्हणजे सगळे आकडे क्रमानं लावून बरोबर मधला. सरासरीत एक काळा कोपरा सगळं बिघडवतो, मध्यकाला फरक पडत नाही.

जुनं_खोड_लातूर

ताई, विषयांतर करतो पण विचारल्याशिवाय राहवत नाही. धूपछाव पैठणीचा रंग फोटोत खरा कसा आणता तुम्ही? माझ्या बायकोची एक आहे, उजेडात एक दिसते आणि घरात दुसरीच.

पैठणची_लेक

काका, एका फोटोत येतच नाही ती. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. मी नेहमी घडी मोडलेले दोन तीन फोटो टाकते आणि एक छोटा व्हिडिओ. आणि पदराची उलटी बाजू तर दाखवतेच. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते, मागं लोंबते धागे नसतात. गिऱ्हाईक ते बघितल्यावर भावाची घासाघीस कमी करतं. तुमच्या काकूंची साडी जपून ठेवा, दर काही महिन्यांनी घडी बदलत जा, नाहीतर घडीवर जर तुटते.

मामू_सिटीचौक

आमच्या हिमरू कापडाला विसरू नका ताई 🙂 शहरात आता हातानं विणणारे फार थोडे उरलेत.

पैठणची_लेक

विसरेन कशी मामू. पुढच्या वेळी शहरात आले की नक्की बघायला येते.

फॉर्मवाला_गेवराई

मूळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडं परीक्षांचे फॉर्म भरायला पोरं येतात. बँकेच्या परीक्षांना फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबीच्या आत, बॅकग्राउंड फिकं, शक्यतो पांढरं. सही काळ्या शाईनं पांढऱ्या कागदावर. तर मी रोज जे बघतो ते सांगतो, पासपोर्ट फोटोत कडेची पूर्ण पट्टी घेऊ नका. खालची कड म्हणजे कायम खांदे आणि शर्ट. वरची कड आणि दोन्ही बाजूंचा वरचा अर्धा भाग एवढंच घ्या. आणि पांढरा शर्ट घालून आलेलं पोरगं पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं की संपलं, बादलीनं पांढरं भरायला गेलं की शर्टसुद्धा बॅकग्राउंड समजून खाऊन टाकतं. म्हणून मी काउंटरला एक निळा शर्ट टांगून ठेवलाय, पाहिजे त्यानं घालावा आणि फोटो काढावा.

तुळजापूरकर_७

निळ्या शर्टाचं भारीच. आमच्याकडं एका स्टुडिओत कोट ठेवलाय, गावातल्या सगळ्या पोरांच्या फोटोत तोच कोट.

सेलूकर_ग्राफिक्स

@फॉर्मवाला भौ, खालची कड सोडायची ही गोष्ट लई कामाची सांगितली. हे पुस्तकात नसतं.

एक सांगा कुणीतरी, काही लोगो ट्रान्सपरंट पीएनजी होते, पुतण्याच्या प्रोग्रामनं जेपीजी करून बघितले तर मागं ठार काळं आलं. काळा रंग आला कुठून? कुणीच काळं लावलं नव्हतं.

गोदाकाठचा_पोऱ्या

पायथॉनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून सरळ आरजीबीत (नुसते लाल, हिरवा, निळा) बदललं असणार. ट्रान्सपरंट पिक्सेललाही लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतातच, अल्फा ० असल्यामुळे ते दिसत नाहीत एवढंच. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिथं ०, ०, ० पडलेलं असतं. पिलोत तो बदल करताना अल्फा नुसता काढून टाकला जातो, मग खालचं काळं उघडं पडतं. कधी कधी तर खाली काळ्याऐवजी जुनं खरं बॅकग्राउंड निघतं, कुणीतरी खोडलेलं पण पुसलं न गेलेलं. आधी पांढरा किंवा पाहिजे तो कागद मागं ठेवून त्यावर चित्र चिकटवायला सांगा, मग जेपीजी करा.

आणि यातूनच अजून एक निघतं. ट्रान्सपरंट पिक्सेलचे रंग बॅकग्राउंड मोजताना कधीही धरू नका. नाहीतर निम्मे लोगो "काळं बॅकग्राउंड" मध्ये जातील.

मामू_सिटीचौक

हेच माझ्या सहीचं झालं होतं. काळ्या शाईची सही ट्रान्सपरंट करून ठेवली, मोबाइल डार्क मोडवर, उघडली तर काहीच नाही. वाटलं फाइल खराब. लाइट मोड केला की सही हजर.

मोडीवेडा

मी थोडा उशिरा आलो. मी मोडी कागदपत्रं वाचतो, गेल्या काही काळापासून लोक निजामकाळातले घरचे कागद घेऊन येतात, त्यांचे स्कॅन करून ठेवतो. माझ्याकडं जवळपास सगळं टिफ. वर टिफबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टिफमध्ये पांढरा म्हणजे मोठा आकडा असं गृहीत धरू नये. २६२ क्रमांकाचा एक टॅग, म्हणजे माहितीचा रकाना, असतो, त्यात ० लिहिलेलं असेल तर ० म्हणजे पांढरा, १ लिहिलेलं असेल तर ० म्हणजे काळा. फॅक्समधून किंवा ऑफिसच्या जुन्या स्कॅनरमधून आलेल्या काळ्यापांढऱ्या पानांत पहिला प्रकार हटकून सापडतो. तो टॅग न वाचता आकडे मोजले तर सगळी पानं काळी ठरतात. छपाईसाठीच्या चार रंगांच्या फायलीतही तसंच, तिथं शाई शून्य म्हणजे कोरा कागद, म्हणजे पांढरा ०, ०, ०, ०. सेलूकरांच्या दुकानात अशा फायली असणारच. सोळा बिटच्या फायलीत पांढरा ६५५३५ असतो.

दुसरं, स्कॅनरच्या झाकणाची काळी कड. पान पूर्ण बसलेलं नसलं की बाहेर काळी पट्टी येते. कडेची पट्टी मोजणाऱ्याला तेच बॅकग्राउंड वाटेल. पानाच्या थोडं आत येऊन मोजावं.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. जुन्या कागदाला एक बॅकग्राउंड रंग नसतोच. मध्ये फिकट, घडीवर तपकिरी, कोपऱ्यात पाण्याचा डाग, मागच्या बाजूची शाई पुढं उमटलेली. माझ्याकडं एक पान आहे, अर्ध्यावर मोडी आणि अर्ध्यावर उर्दू, बोरूनं लिहिलेलं. त्याच्या वरच्या भागात कागद साधारण २२५, २०८, १७० आणि खालच्या डागावर १६०, १२५, ८५. डागावरचा कागद हा वरच्या भागातल्या फिकट झालेल्या शाईइतकाच गडद आहे. सगळ्या पानाला एकच आकडा लावला तर एकतर डागातली अक्षरं बुडतात नाहीतर वरची शाई उडते. म्हणून पानाचे छोटे छोटे भाग करून प्रत्येकाचा कागद वेगळा मोजावा लागतो. आणि त्यावरून वाचायला स्वच्छ प्रत जरूर करावी, पण मूळ स्कॅनला हात लावू नये. मला फार वाईट वाटतं जेव्हा लोक बॅकग्राउंड पांढरंफेक करून तेवढीच प्रत ठेवतात आणि मूळ काढून टाकतात. त्या पिवळेपणात, डागात माहिती असते, कोणतं पान कोणत्या पानाला चिकटून होतं तेही डागावरून कळतं.

पैठणची_लेक

सर, किती छान सांगितलंत. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

फॉर्मवाला_गेवराई

सर, ओत्सू का काहीतरी म्हणतात ना, आपोआप कागद आणि शाई वेगळी करतं, ते नाही का चालत?

मोडीवेडा

ओत्सूची पद्धत १९७९ ची, चांगली आहे, पण ती सगळ्या पानाला एकच रेघ मारते. नव्या छापील पानाला उत्तम. डागाळलेल्या कागदाला जागोजागी वेगळी रेघ लागते. गावातल्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सला ओत्सू पुरते, आजोबांच्या कागदाला नाही पुरत.

गोदाकाठचा_पोऱ्या

सर, टिफच्या टॅगचं माझ्याकडून राहिलं होतं ते तुम्ही पूर्ण केलंत, आभार. त्यातच एक जोडतो, टिफमध्ये ३३८ नंबरचा टॅग बघा, जास्तीचा चॅनेल अल्फा आहे का आणि कसला ते तिथं कळतं. तिथं १ असेल तर रंग आधीच अल्फानं गुणलेले असतात, २ असेल तर नाही. न बघता वाचलं तर कडा गडद येतात.

आणि फोटोशॉपमधून आलेल्या चार रंगांच्या जेपीजी बहुतेकदा आकडे उलटे करून ठेवतात, म्हणजे तिथं परत पांढरा २५५. म्हणून सगळ्यात आधी सगळं एकाच ठिकाणी आणायचं, फायलीतलं रंगांचं प्रोफाइल धरून एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, आणि मगच मोजायचं.

विद्यार्थी_नांदेड

पांढरा का पांढरट हे ठरवायला आकड्यांची वजाबाकी चालेल का? म्हणजे २५५ वजा २४५ असं?

गोदाकाठचा_पोऱ्या

चालेल पण फसशील. आरजीबीतला दहाचा फरक गडद रंगात वेगळा दिसतो आणि फिकटात वेगळा. लॅब नावाच्या रंगमापनात बदल आणि तिथं अंतर मोज. साधारण अडीचच्या खाली फरक असेल तर माणसाच्या डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. ताईंच्या भिंतीसारख्या फोटोंना मोठी मर्यादा लागेल, तिथं रंगछटा किती कमी आहे आणि उजेड किती जास्त आहे हे दोन्ही वेगवेगळं बघ.

सेलूकर_ग्राफिक्स

मंडळी, पुतण्यानं दोन रात्री बसून सगळं बसवलं. तुम्ही सांगितलं त्या क्रमानंच. आधी पहिले बाइट, मग टॅग बघून एसआरजीबी, मग कडेचा अल्फा, मग थोडं आत येऊन वरची आन बाजूची पट्टी आन तिचा मध्यक. एक भर त्यानं स्वतःच्या डोक्यानं घातली, पट्टीतले रंग फार पांगलेले असतील तर प्रोग्राम रंग सांगतच नाही, "एक रंग नाही" म्हणतो. मामूंचे चौकोन आन डोक्यांचे फ्लेक्स बरोबर तिकडं गेले. त्यामुळं तीनाचे चार फोल्डर झाले, आन पैठणच्या ताईमुळं पांढऱ्याचे दोन झाले, म्हणजे पाच.

ट्रान्सपरंटचा फोल्डर मी स्वतः उघडून बघितला, एकही चुकीची फाइल दिसली नाही. पांढरटमध्ये थोड्या फिकट पिवळ्या भिंती शिरल्यात, ते चालतंय मला. चौथ्या फोल्डरमधलं फावल्या वेळात मी डोळ्यानं बघीन. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेले लोगो मात्र सगळे जेपीजीच निघाले, आता दुकानात पाटीच लावली की लोगो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जुनं_खोड_लातूर

पुतण्याला शाबासकी द्या. आणि त्या पाटीचा फोटो टाका, मीही लावतो.

मोडीवेडा

सेलूकर, तो प्रोग्राम मला मिळेल का? माझ्या टिफमधले कोणते स्कॅन काळी कड घेऊन आलेत आणि कोणते उलटे आहेत एवढं जरी वेगळं झालं तरी माझं मोठं काम वाचेल.

सेलूकर_ग्राफिक्स

सर, विचारायचं काय त्यात. मेसेजमध्ये पत्ता कळवा, पुतण्या पाठवून देईल, वापरायचं कसं तेही लिहून देईल. बहुपानी टिफमध्ये तो सध्या फक्त पहिलंच पान वाचतो, तेवढं तुमच्यासाठी दुरुस्त करायला लावतो आधी.

गोदाकाठचा_पोऱ्या

दुरुस्त करताना त्याला सांगा २६२ चा टॅग प्रत्येक पानाचा वेगळा वाचायचा. एकाच फायलीत पहिलं पान रंगीत आणि बाकीची फॅक्सची असं असू शकतं.